काढ्यानं नस सरकत नाही

रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, ऑपरेशन थोडं पुढं ढकलू का? भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. काढ्यानं बरं होते म्हणतात."

भाचा चोवीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीसाठी इथं नागपुरात मानकापूरच्या मैदानावर १६०० मीटरचा सराव करताना शेवटच्या फेरीत आडवा झाला. ऊन लागलं असेल, उपाशीपोटी पळाला असेल, असं ज्याला जे सुचलं ते तो बोलला. शेवटी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांचा स्कॅन झाला आणि कळलं की हृदयाला रक्त पुरवणारी डावी धमनी जन्मतःच उजव्या बाजूनं निघते. ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि आता हा मेसेज.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. जन्मापासूनचं आहे, इतकी वर्षं काही झालं नाही म्हणजे पुढंही होणार नाही. ट्रेडमिल टेस्ट (सरकत्या पट्ट्यावर पळवून ईसीजी काढतात ती) नॉर्मल असेल तर बिनधास्त पळा. आलं, लसूण, लिंबू आणि व्हिनेगरचा काढा मध घालून ४५ दिवस घ्या, नस मोकळी होते. अशी नस निम्म्या लोकांना असते, डॉक्टर पैशासाठी घाबरवतात. आणि एकदा छाती उघडली की माणूस कामातून गेला.

काढ्यापासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त डोकं त्यानंच फिरलं. मी डॉक्टर नाही. माझं इतवारीत नळ-पाइपचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, म्हणतं पाणी बारीक येते. त्याची कारणं दोन. एक तर पाइपात क्षार बसलाय, नाही तर मिस्त्रीनं पाइप भलतीकडून आणून दोन भिंतींच्या मधे दाबलाय. पहिल्याला अॅसिड चालतं. दुसऱ्यात बादलीभर अॅसिड ओता, पाइप जागचा हलणार नाही. भाच्याच्या नसेत चरबीचा कणही नाही. मग हा काढा आत जाऊन मोकळं काय करणार? मुळात हा मेसेज ब्लॉकेजवाल्यांसाठी वर्षानुवर्षं फिरतोय. तिथंही तो बिनकामाचाच. कोणीतरी फक्त वरची ओळ बदलली.

डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र फिरवून फिरवून दाखवलं होतं. धमनीचं तोंड गोल असायला हवं. याचं म्हणजे गव्हाच्या दाण्यावर असते तशी फट. तिथून निघून ती थोडं अंतर महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीच्या, भिंतीतूनच सरकते, महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांच्या मधून, आणि मग आपल्या जागी पोचते. बसल्या जागी रक्त पुरतं. पळताना महाधमनी ताणली जाते, फट मिटते, आणि नेमकं जास्त रक्त हवं तेव्हाच ते थांबतं.

म्हणून ट्रेडमिलचा मुद्दा मला काढ्यापेक्षा भयंकर वाटतो. काढ्यानं फार तर तोंड वाकडं होईल, याच्यानं पोरगं जाईल. आमच्याही पोराची ट्रेडमिल टेस्ट नॉर्मलच आली होती, आणि त्या भरवशावर तो चार दिवस परत पळायला गेला! २००० साली जर्नल ऑफ द अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीमध्ये बासो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. अमेरिका आणि इटलीतले २७ तरुण खेळाडू, सगळे अचानक गेलेले, सगळ्यांची धमनी चुकीच्या बाजूनं निघालेली. २३ जणांची डावी, म्हणजे भाच्यासारखी. २५ जण खेळतानाच गेले, दोघं खेळ थांबताच. काहींना आधी भोवळ आली होती. ज्या ९ जणांचा ईसीजी आधी काढलेला होता तो सगळ्यांचा नॉर्मल. ज्या ६ जणांची ट्रेडमिलसारखी टेस्ट झाली होती, तीही सहाच्या सहा नॉर्मल. टेस्ट बिघडलेली आली तर ती खरी मानायची. नॉर्मल आली म्हणून या आजारात सुटका नाही. ताईला मी हे फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

इतकी वर्षं काही झालं नाही, हे तर पीट मॅराविचलाही म्हणता आलं असतं. अमेरिकेतला मोठा बास्केटबॉलपटू, दहा हंगाम एनबीए खेळला. ५ जानेवारी १९८८ला मित्रांसोबत सहज खेळताना कोसळला. वय ४०. डावी धमनी जन्मापासून नव्हतीच, हे गेल्यावर कळलं.

निम्म्या लोकांना असते, ही शुद्ध थाप. पण तिच्या शेपटाशी थोडं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. यामानाका आणि हॉब्स यांनी १९९०मध्ये १,२६,५९५ अँजिओग्राफी तपासल्या, त्यात १,६८६ जणांमध्ये हृदयाच्या धमन्यांचा जन्मजात दोष निघाला. म्हणजे १.३ टक्के, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. मागच्या बाजूची एक शाखा उजवीकडून निघते, तिचं सहसा काही करावं लागत नाही. उजवी धमनी डावीकडून निघत असेल, त्रास काहीच नसेल आणि तपासण्यांतही रक्त कमी पडताना दिसत नसेल, तर अमेरिकेतल्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनाही नुसतं लक्ष ठेवायला मोकळीक देतात. अशा माणसाला कोणी घाईनं टेबलावर घेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरकडं जरूर जा. रामदासपेठ-धंतोलीत त्यांना तोटा नाही. पण डावी उजवीकडून, आणि वर पळताना भोवळ? तिथं त्याच सूचना सरळ ऑपरेशन सांगतात.

छाती उघडण्याचं म्हणाल, तर उघडावी लागते, मोठं ऑपरेशन आहे, मलाही धडकी भरली आहे. घरात सगळे बायपास बायपास करताहेत, ते मात्र बायपास नाही, नवी नळी जोडून रक्ताला वळसा देत नाहीत. भिंतीत दबलेला भाग आतून उघडून तोंड मोठं करतात. बायपास इथं टिकायला कठीण, कारण एरवी मूळ नस वाहतीच असते आणि नव्या नळीला पुरेसं रक्तच मिळत नाही.

तारीख आहे तीच ठेवली. ताईनं मात्र रविवारीच काढा करून ठेवला होता, बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे. फेक म्हटलं तर म्हणते, तीनशे रुपयांचा मध गेला रे त्यात. मी म्हटलं, मग ज्या काकूंनी पाठवला त्यांच्याच घरी देऊन ये.