चालत्या कार्डाला खीळ

गेल्या रविवारी मी ग्राफिक्स कार्डाचे फर्मवेअर, म्हणजे कार्डावरच्या चिपमध्ये साठवलेला त्याचा मूळ प्रोग्राम, अद्ययावत केले, ‘यशस्वी’ हा शब्द डोळे भरून वाचला आणि संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा पडदा काळाठिक्कर पडला आणि पंखे मात्र जीव खाऊन घोंघावू लागले. त्याच क्षणी घरी आलेले मामा खुर्ची ओढून माझ्या पाठीशी येऊन बसले.

“आधी चालत नव्हतं का रे?”

“चालत होतं.”

“नीट?”

“अगदी नीट.”

“मग?”

या ‘मग?’ला उत्तर नसते, तरी मी ते द्यायला गेलो. कार्डावर नखाएवढी, आठ पायांची चिप असते, तिच्यात नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर चिप ना जुनी राहते ना नवी होते, असे मी रंगवून सांगितले.

“पण वीज कुठे गेली?” मामांनी दिव्याकडे पाहत विचारले.

वीज गेली नव्हती. एकाच नावाच्या कार्डावर कधी सॅमसंगची, कधी हायनिक्सची, तर कधी मायक्रॉनची मेमरी बसवलेली असते आणि तिच्या वेगाचे सगळे आकडे फर्मवेअरमध्येच असतात, हे ठाऊक असूनही मी भलतीच फाइल उचलली होती. क्रमांक जुळत नसल्याचे प्रोग्रामने बजावलेही होते.

“म्हणजे त्याने विचारलं होतं?”

“हो.”

“आणि तू ‘होय’ म्हणालास.” हे त्यांनी पंचनामा लिहून घेतल्यासारखे, संथपणे उच्चारले. मग आमच्या जुन्या टीव्हीचा दाखला देत त्यांनी कार्डाला एक थाप मारण्यासाठी हात उगारला, तो मला मनगटात धरून खाली आणावा लागला.

चूक माझीच, हे मान्य. पण एकाच नावाखाली तीन फाइली ठेवायच्या, त्यांत फरक फक्त शेवटच्या एका अक्षराचा, आणि सुधारणा काय तर ‘स्थैर्यात वाढ’ एवढे दोनच शब्द, याला काय म्हणावे? तक्रार केली की आधी अद्ययावत करा म्हणतात, आणि करताना कार्ड मेले तर जोखीम तुमची, हे बारीक अक्षरांत आधीच लिहून ठेवलेले असते!

जुन्या फर्मवेअरची प्रत आधीच काढून ठेवण्याची अक्कल तेवढी मला सुचली होती. मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या सॉकेटात लावून, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या आधाराने ती प्रत परत चढवली, तेव्हा कुठे तीन तासांनी पंखे शांत झाले.

“आता काय नवीन झालं?” मामांनी विचारले.

“काही नाही. पहिल्यासारखं झालं.”

मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र ते फोनवर मामीला सांगत होते, “अगं, त्याचा पंखा बिघडला होता. मी थाप मारायला सांगितली, पण ऐकेल तर शपथ.”