वजा तेवीस

सोसायटीत एखादा माणूस कॉम्प्युटरवर पोट भरतो हे कळलं, की त्याच्याकडे आपोआप तीन खाती येतात: कुणाचा प्रिंटर, कुणाचं वायफाय आणि गणपतीच्या तोंडावर वर्गणीची यादी. यंदा सेक्रेटरींनी दोन फायली पाठवल्या. एकीत सगळे सभासद, दुसरीत वर्गणी भरलेले. "न भरलेले तेवढे काढून द्या. तुमचं काय, एक बटण दाबायचं!"

खरं तर बटणाहून थोडंसंच जास्त काम. आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत 'डिफ' नावाची आज्ञा आहे, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकइलरॉय यांची, १९७४ च्या युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर बाहेर आलेली. दोन फायलींतला कमीत कमी फरक शोधण्याचं तिचं गणित अजूनही देखणं आहे. पण तिला ओळींचा क्रम प्यारा. आमच्या याद्यांचे क्रम वेगळे, त्यामुळे निम्मी सोसायटी डाव्या बाणाने बाहेर गेली आणि उजव्या बाणाने परत आली.

म्हणून 'कॉम'. ही तीन रकाने मांडते: फक्त पहिल्या यादीतले, फक्त दुसरीतले, दोन्हींतले. हवा तो रकाना मागायची सोय नाही, नको ते आकडे सांगायचे. मला पहिला हवा, म्हणजे दोन आणि तीन नकोत, म्हणून 'वजा तेवीस'. मुलगा कसा हवा ते न सांगता कसा नको तेवढंच सांगणारी आमची आत्या हेच करायची. शिवाय दोन्ही याद्या आधी क्रमाने लावलेल्या हव्यात, तोही कॉमच्या मनातला क्रम. सेक्रेटरींची यादी फ्लॅट नंबरप्रमाणे. कॉमच्या लेखी १ नंतर १० येतो आणि २ पार १९ च्याही मागे. तिने तक्रार करून तोंड फिरवलं.

हॉस्टेलवरच्या भाच्याला फोन केला. "मामा, कॉम कोण वापरतं आता? ग्रेप कर."

ग्रेप ही ओळींत मजकूर शोधणारी आज्ञा, तिला क्रमाशी देणंघेणं नाही. भरलेल्यांची नावं ज्या ज्या ओळीत सापडतील त्या ओळी गाळायच्या, उरले ते थकबाकीदार. खजिनदार काकूंनी एका ठिकाणी नुसतं 'पाटील' लिहिलं होतं. आमच्याकडे मजल्यागणिक पाटील. एकाने भरली आणि सगळे पाटील पावन झाले! त्यात व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या यादीच्या शेवटी एक रिकामी ओळ राहिली होती. रिकामं काहीतरी प्रत्येक ओळीत सापडतंच, असं ग्रेपचं मत. (अध्यात्म म्हणून मला मान्य आहे.) पडदा कोरा, थकबाकी शून्य. सेक्रेटरींनी उभ्या उभ्या ढोल-ताशावाल्यांना फोन लावला.

"अरे हो, पूर्ण ओळ जुळली तरच, असा 'वजा एक्स' लाव," भाच्याला आठवलं. लावला, तर सगळेच थकबाकीदार. सेक्रेटरींसकट.

"अहो, पहिली पावती माझी आहे!"

त्यांची फाइल विंडोजवरची. विंडोज ओळ संपवताना दोन अदृश्य खुणा ठेवतं, माझ्याकडचं लिनक्स (युनिक्सच्या वळणाची प्रणाली) एकच. जादा खूण टेलिप्रिंटरचा गाडा डावीकडे परत न्यायला होती. टेलिप्रिंटर भंगारात गेले, खूण आमच्या वर्गणीत. फाइल पडद्यावर दाखवणाऱ्या 'कॅट' या आज्ञेला सगळं उघडं करून दाखवायला सांगितलं, तेव्हा ओळीच्या टोकाला टोपी घातलेला एम दिसला. पण त्या अवस्थेत देवनागरीचंही असंच सोलून निघतं: कुलकर्णींच्या नावात नुसते एम, डॉलर आणि टक्क्याची चिन्हं. सेक्रेटरी वाकून म्हणाले, "मुलगा अमेरिकेत आहे त्यांचा, पण वर्गणी रुपयांतच घ्या."

खुणा पुसल्या, काकूंकडून पाटलांचा फ्लॅट नंबर मिळवला, यादी आटोक्यात आली. तरी कऱ्हाडकर हटेनात. नाव दोन्हीकडे, पडद्यावर हुबेहूब. फोड केली तर सेक्रेटरींच्या कळफलकाने खाली टिंब असलेला ऱ वापरलेला, काकूंच्या मोबाइलने साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेताच्या, दृष्टीने ही दोन वेगळी माणसं, आणि सारख्या अक्षरांना एका रूपात आणणाऱ्या त्याच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. तेच ॲडव्होकेटसाहेबांचं. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. अजूनही काही कळफलक 'अ'च्या डोक्यावर वेगळा चंद्र ठेवतात. दिसायला तेच, पण वकील थकबाकीदार. तो कागद नोटीस बोर्डावर लावायला कुणी पुढे येईना. शेवटी एकेका अक्षराची अदलाबदल करून दोघांना बाहेर काढलं.

मग याद्या क्रमाने लावून सहज कॉमवर 'वजा तेरा' चालवून पाहिलं: पैसे भरलेत, पण सभासद नाहीत असे. एक ओळ निघाली. सी विंग, ४०२.

आमच्याकडे सी विंगच नाही. पलीकडच्या सोसायटीतल्या कुणीतरी आमचा क्यूआर कोड स्कॅन केला असणार.

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "रक्कम मोठी आहे का हो?"

"सगळ्यांत मोठी."

"मग विसर्जनानंतर बघू."