अंगठा वाकडा, नुस्ते बंद

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर रेलायला लागला. बुटात कुणाला दिसत नव्हतं. पण मंगेशीला गेलं की चपला बाहेर आणि अंगठा उघडा. रांगेत मागे उभ्या असलेल्या शेजारच्या मामांनी देवाच्या आधी त्याचंच दर्शन घेतलं.

"युरिक ॲसिड! आधी सुंगटं (म्हणजे कोळंबी) बंद कर."

हे निदान करायला गोव्यात डॉक्टर व्हावं लागत नाही. अंमलबजावणी आईने हाती घेतली. श्रावणातही आपण नुस्ते, म्हणजे मासे, सोडतोच, पण तो श्रावण भाद्रपदात संपतो तरी. माझा मार्गशीर्षापर्यंत चालला. घरभर माशांच्या हुमणाचा वास आणि माझ्या ताटात मुगागाठी. रक्त तपासलं, युरिक ॲसिड ५.२, म्हणजे नॉर्मल. आई म्हणाली, "बघ, पथ्य लागू पडलं!" अंगठा मात्र होता तिथेच, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगावर.

शेवटी पणजीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. आई बरोबर होतीच, पथ्याची साक्षीदार म्हणून. एक्स-रे उभं राहून काढायला लावला. पायावर भार पडला की वाकडेपणा खरा कळतो म्हणे. अंगठा २४ अंश कललेला निघाला. १५ पर्यंत माफ असतं.

"हॅलक्स व्हॅल्गस," डॉक्टर म्हणाले. नाव ऐकून मला एखाद्या रोमन सरदाराने अंगठा जिंकल्यासारखं वाटलं. मला वाटत होतं की बाजूला नवीन हाड उगवलंय. ते जुनंच निघालं. अंगठ्यामागच्या लांब हाडाचं डोकं बाहेर सरकलेलं, अंगठा आत झुकलेला. मी भीत भीत माशांचं विचारलं.

"युरिक ॲसिडने होतो तो गाऊट. त्याचं दुखणं एका रात्रीत उठतं हो. सांधा लाल, गरम, वरची चादरसुद्धा सोसवत नाही. तुमचं तीन वर्षं रमतगमत चाललंय. बूट कसले घालता?"

लग्नातले टोकदार, मी रोज ऑफिसला घालून वसूल करत होतो. (चामडं आहे, पायावर सैल होईल, असं दुकानदार म्हणाला होता. सैल पाय झाला.) आता पुढून रुंद बूट घ्यायचे, बोटांच्या मध्ये सिलिकॉनची गुटली ठेवायची. त्याने दुखणं कमी होईल, हाड सरळ होणार नाही. ते ऑपरेशनने, हाड कापून जागेवर बसवून. पण नुसतं दिसायला बरं म्हणून कापत नाहीत, चालणं नकोसं झालं तरच.

"घरात आणखी कुणाला आहे? हे बऱ्याचदा वारशाने येतं."

आईने पाय हळूच साडीत ओढून घेतला.

परवा गुटली सापडेना. पलंगाखाली, बाथरूममध्ये, बुटात, कुठेच नाही. बाहेर आलो तर आई बाल्कांवात पाय पसरून सुंगटं सोलत बसलेली, आणि गुटली तिच्या अंगठ्यात.

"बरं वाटतं रे," ती म्हणाली. "तू दुसरी आण. आणि येताना नारळ."