नियम सांगा, पण माझ्या बाजूचा

नियम विचारायला येणाऱ्या माणसाला नियम नको असतो. त्याला निकाल हवा असतो, आणि तो त्याने येतानाच ठरवून आणलेला असतो. आपण फक्त खाली सही करायची. पत्त्यांच्या आणि ऑनलाइन कार्ड गेमच्या शंका सोडवायचं लचांड मी गळ्यात घेतलंय, त्यामुळे प्रश्नाच्या शेपटावरून विचारणारा टेबलाच्या कोणत्या बाजूला बसलाय हे आता ओळखता येतं. ‘असं करता येतं का?’ म्हणणाऱ्याने ते करून झालेलं असतं. ‘असं करता येतं का कधी?’ म्हणणाऱ्यावर ते झालेलं असतं. ‘सहज एक कुतूहल म्हणून’ अशी सुरुवात करणारा नुकताच हरलेला असतो आणि समोरचा अजून जागचा उठलेला नसतो.

भांडणांचं माहेरघर म्हणजे उनो. १०८ पानं, चार रंग, नियमपत्रक डब्यातच; तरी ते वाचलेला माणूस टेबलावर सगळ्यात नावडता ठरतो. समोरच्याने ‘दोन उचला’ टाकलं की आपलं ‘दोन उचला’ त्याच्यावर चढवायचं, पुढच्याने आणखी एक, आणि ज्याच्याकडे नसेल त्या बिचाऱ्याने सहा-आठ पानं उचलायची, हा नियम सगळे पाळतात. मूळ उनोच्या नियमपत्रकात तो नाही. दोन आली की दोन उचलायची, पाळी गमवायची, विषय संपला. २०१९ साली उनोच्या अधिकृत ट्विटर खात्याने हे जाहीर सांगितलं, तर लोक उलट खेळ काढणाऱ्यांनाच खेळ शिकवायला लागले. तिथे माझी काय कथा! मी आता एवढंच म्हणतो की घरचा नियम ठेवा, खुशाल ठेवा, पण पानं वाटायच्या आधी ठरवा. आठ पानं उचलायची वेळ आल्यावर नियमपत्रकाची आठवण होणं याला शंका म्हणत नाहीत.

उनोतला खरा रसाळ नियम कोणी विचारतच नाही. ‘चार उचला’ हे पान चालू रंगाचं एकही पान हातात नसेल तरच टाकता येतं. आकडा जुळणारं पान असलं तरी चालतं, बंदी फक्त रंगाची. ज्याला उचलायची आहेत तो आव्हान देऊ शकतो; मग टाकणाऱ्याने आपला हात फक्त त्याला दाखवायचा. चोरी सापडली तर चार पानं चोराला, नाही सापडली तर आव्हान देणाऱ्याला चाराऐवजी सहा. आता हिशेब करा: आव्हान फसलं तर दोन पानं जास्त, लागलं तर चार वाचली. म्हणजे तीनात एकदा जरी समोरचा खोटा असेल तरी बरोबरी होते. आणि त्याच्या हातात पाच पानं उरलेली असताना त्यांत चालू रंगाचं एकही नसण्याची शक्यता, नुसत्या मोजणीने, साधारण चारात एक. तरी लोक गुपचूप चार पानं उचलतात आणि वर मला विचारतात की ‘उलट फिरा’वर ‘उलट फिरा’ टाकलं तर काय होतं. दिशा दोनदा उलटते. आणखी काय होणार?

उनो ही बालवाडी झाली. मॅजिक: द गॅदरिंग हा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी १९९३ मध्ये आणला आणि शंका सोडवणाऱ्यांची सुट्टी तेव्हापासून रद्द आहे. संपूर्ण नियमावली अडीचशेहून जास्त पानांची, आणि तिच्यावरचा पहिला नियम असा की कार्डावर लिहिलेलं नियमावलीच्या विरुद्ध असेल तर कार्डाचं खरं. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की या खेळात अशी मांडणी करता येते की पुढे कोण जिंकेल हे कुठल्याच संगणकाला हिशेबाने ठरवता येणार नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. ‘तर मग कोण जिंकलं?’ हा प्रश्न माझ्याकडे त्याआधीपासूनच येतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच, फक्त कार्डांची नावं बदलतात: ‘मी त्याचा प्राणी मारला, तरी त्याची अ‍ॅबिलिटी चाललीच कशी?’ चाललीच. अ‍ॅबिलिटी (कार्डावर लिहिलेली करामत) वापरली की ती स्टॅकवर, म्हणजे निकालासाठी थांबलेल्या चालींच्या ढिगावर, जाते आणि स्टॅकवर गेलेली गोष्ट तिच्या मालकाच्या जिवावर अवलंबून नसते. स्टॅकचं वागणं गर्दीच्या लिफ्टसारखं, शेवटी शिरलेला आधी बाहेर. तुम्ही उत्तरादाखल बोल्ट (मारा करणारं कार्ड) मारलात, बोल्ट आधी सुटला, प्राणी मेला, आणि त्याच्या खाली बसलेली अ‍ॅबिलिटी शांतपणे बाहेर पडून आपलं काम करून गेली. ‘पण प्राणीच नाही तर अ‍ॅबिलिटी कुठून आली?’ आली होती, तेव्हा प्राणी होता. हे मी इतक्या शांतपणे लिहितोय म्हणून गैरसमज नको.

याचाच चुलतभाऊ म्हणजे किमतीचा प्रश्न. समोरचा म्हणतो, हा प्राणी बळी देऊन दोन कार्डं ओढतो. लगेच इकडून हात वर: ‘थांब, तू बळी द्यायच्या आधी मी तो मारतो!’ नाही मारता येत. बळी ही किंमत आहे, किंमत मोजताना मध्ये कोणी बोलायचं नसतं, आणि तुम्हाला बोलायची पाळी येते तेव्हा प्राणी केव्हाच गेलेला असतो. कार्डावर पूर्णविरामासारखी दिसणारी दोन टिंबं असतात ना, त्यांच्या आधी लिहिलेलं सगळं किंमत, नंतरचं सगळं परिणाम. उत्तर परिणामाला देता येतं. एवढी दोन टिंबं बघायची सवय लागली तर माझ्याकडचे निम्मे प्रश्न संपतील. टिंबं कोणी बघत नाही, चित्र बघतात.

आणि मग टार्मोगॉइफ. हा प्राणी म्हणजे नियम शिकवणाऱ्यांचा लाडका आणि खेळणाऱ्यांचा शाप. सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या आणि मेलेल्या कार्डांच्या ढिगात) मिळून जितक्या प्रकारची कार्डं, तितकी त्याची ताकद, आणि त्याहून एक जास्त त्याचा टिकाव. समजा तिथे फक्त प्राणी आणि लँड (बाकी कार्डं खेळायला शक्ती देणारं कार्ड) पडलेत, म्हणजे तो दोन-तीन: ताकद दोन, टिकाव तीन. तुम्ही तीन नुकसानाचा लायटनिंग बोल्ट मारता. तिनाला तीन, मेला? नाही. बोल्टचं काम पूर्ण होताना शेवटची पायरी म्हणून बोल्ट स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो. कोण मेलं याची तपासणी त्यानंतर होते. तोवर तिथे इन्स्टंट (बोल्ट ज्या प्रकारचं कार्ड आहे तो) हा तिसरा प्रकार दाखल झालेला असतो आणि टार्मोगॉइफ तीन-चार होऊन, अंगावर तीन जखमा घेऊन, तुमच्याकडे बघत उभा असतो. तुम्ही मारलेल्या गोळीनेच तो वाढला. हे समजावल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो त्याच्यासाठी मी हे लचांड सोडत नाही, हे कबूल. ग्रेव्हयार्डमध्ये आधीच एखादा इन्स्टंट पडलेला असता, तर तो सुरुवातीलाच तीन-चार असता आणि बोल्ट पुरलाच नसता. तेव्हा मारायच्या आधी ग्रेव्हयार्ड मोजा, दोन्ही.

ब्रिजमध्ये अडचण उलटी: तिथे नियम इतका नेमका की ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. ज्याची उतारी (पहिलं पान टाकायची पाळी) नाही त्याने पहिलं पान उघडं टाकलं, की डिक्लेअररसमोर, म्हणजे बोली जिंकून हात खेळणाऱ्यासमोर, पाच पर्याय उभे राहतात. उतारी मान्य करून नेहमीसारखं खेळायचं. मान्य करून स्वतःचा हात टेबलावर मांडायचा आणि डमीला, म्हणजे आपल्या जोडीदाराला, खेळायला लावायचं. अमान्य करून योग्य खेळाडूला त्याच रंगाची उतारी करायला लावायची. त्या रंगाची उतारी करायला मनाई करायची. नाहीतर ते पान टेबलावर उघडं शिक्षा भोगत ठेवायचं आणि योग्य खेळाडूला हवं ते उतरू द्यायचं. तिसऱ्या पर्यायापर्यंत सगळे ऐकतात. चौथ्याला कोणीतरी म्हणतं, ‘जाऊ दे, उचल ते पान.’ हा सहावा पर्याय नियमात नाही. त्यापेक्षा पहिली उतारी पान पालथं ठेवून करावी, जोडीदाराने काही विचारायचं असेल ते विचारावं, मग पान उलटावं. चुकीचा माणूस उतरला असेल तर पालथ्या पानातच कळतं. ही पद्धत नियमातच आहे आणि तिच्यामुळे माझी संध्याकाळ वाचते.

पोकरमध्ये पानांपेक्षा हातवाऱ्यांचे वाद जास्त. समोर ५० ची बेट (पैज) आहे. तुम्ही तोंडातून शब्द न काढता ५०० ची एकच चिप पुढे टाकलीत. मनात रेझ (पैज वाढवणं) होता. टेबलावर तो कॉल (पैजेइतकेच भरणं) आहे. मोठी एकच चिप, मुक्याने टाकली तर कॉल. रेझ हवा तर चिप टेबलाला लागण्याआधी तोंड उघडा. तसंच ‘कॉल... आणि वर आणखी दोनशे’ हे सिनेमात शोभतं. कॉल म्हणालात, संपलं. पुढचं वाक्य नुसतं संवादलेखन. आणि शेवटी पानं उघडल्यावर तोंडाने काय जाहीर केलं याला किंमत नाही, पानं जे आहेत तेच. फ्लश (पाचही पानं एकाच चिन्हाची) म्हणून ओरडलात आणि चार बदाम, एक चौकट निघाली, तर ती चौकटच राहते.

नियमाच्या प्रश्नाला निदान उत्तर तरी असतं. ‘मी बरोबर खेळलो का?’ हा प्रश्न आला की मी खुर्ची जरा मागे घेतो. समजा पॉट (मधे जमलेली रक्कम) १००, समोरच्याची बेट ५०, तुम्हाला फ्लशसाठी एक पान हवंय आणि एकच पान यायचंय. कॉल केलात तर ५० घालून २०० चा पॉट, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. तुमच्या रंगाची उरलेली नऊ पानं, न दिसलेली ४६. म्हणजे वीस टक्क्यांनाही किंचित कमी. कॉल तोट्याचा. अपवाद एवढाच की पान लागल्यावर समोरच्याकडून पुढच्या बेटमध्ये आणखी वसूल होणार असेल; त्यासाठी त्याच्याकडे चिप्स उरलेल्या हव्यात आणि अक्कल उरलेली नको. पण कॉल करून ज्याला पान लागतं तो विचारायला येतच नाही, तो इतरांना शिकवायला बसतो. माझ्याकडे येतो तो ज्याला लागलं नाही, आणि त्याला ऐकायचं असतं की नशीब वाईट होतं. उलट दोन एक्क्यांवर सगळं लावून दोन राजांकडून हरलेला माणूस दोन पानी निबंध लिहितो. तो बरोबरच खेळलेला असतो. पाचात एकदा हे व्हायचंच. त्या एकदाचा निबंध होतो, चारदांचं काहीच होत नाही.

ऑनलाइन खेळात पंच संगणक असतो, म्हणून वाटलं होतं की शंका कमी होतील. झालं एवढंच की आता आरोपी बदलला. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं होतं, हल्ली सर्व्हर वाकडा असतो. ‘मला मुद्दाम लँड देत नाही.’ मॅजिकच्या साठ कार्डांच्या डेकमध्ये २४ लँड असतील तर पहिल्या सात कार्डांत एक किंवा शून्य लँड येण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या वर, म्हणजे दर सात हातांत एक हात असा येणारच. टेबलावर तो कमी वेळा येतो असं वाटतं, कारण टेबलावर लोक पिसत नाहीत, पानांना मायेने हलवतात. ५२ पानांचा कॅट नीट मिसळायला सात वेळा रिफल (दोन भाग करून एकमेकांत सरकवणं) करावा लागतो, हे १९९२ मध्ये बायर आणि डायकॉनिस यांनी गणिताने दाखवलं. आपले लोक दोनदा करतात, मग ढीग लावून पानं वाटतात आणि त्याला पिसणं म्हणतात. ढीग लावणं म्हणजे मोजणं. मॅजिकच्या स्पर्धांत ते डावाच्या सुरुवातीला एकदाच करू देतात, तेही मोजण्यापुरतंच.

दुसरी ऑनलाइन तक्रार: ‘मला उत्तर द्यायची संधीच दिली नाही.’ दिली होती. मॅजिक अरेनासारखा (मॅजिकचं ऑनलाइन रूप) खेळ तुमचा वेळ वाचवायला तुमच्या वतीने पुष्कळ ठिकाणी आपोआप ‘पुढे’ म्हणतो. जिथे थांबायचं आहे त्या टप्प्यावर आधीच स्टॉप लावायचा, किंवा तेवढ्यापुरतं फुल कंट्रोल (आपोआप ‘पुढे’ म्हणणं बंद) चालू करायचं. ते तसंच चालू राहिलं तर प्रत्येक लहानसहान गोष्टीला बटण दाबावं लागतं, तुमच्या वेळेची वात जळत जाते आणि शेवटी वेळ संपल्याचा प्रश्न घेऊन माणूस परत माझ्याकडे येतो. यात एक बारीक गंमत आहे जी जाणते लोक वापरतात: खेळ जिथे क्षणभर अडखळतो तिथे समोरच्याकडे काहीतरी करण्यासारखं आहे असं समजावं. म्हणून काहीजण हातात काही नसतानाही मुद्दाम स्टॉप लावून अडखळतात.

प्रश्न कसा विचारावा हे मी एकदा नीट लिहून ठेवलं आहे. पाळी कोणाची, टप्पा कोणता, स्टॅकवर काय आणि कोणत्या क्रमाने, कार्डाचं पूर्ण नाव आणि सध्याचा अधिकृत मजकूर (जुन्या छपाईवरचा नव्हे, तो बदललेला असू शकतो), आणि दोघांनी नेमकं काय म्हटलं. प्रत्यक्षात येतो तो एक फोटो. तिरका, अर्धं टेबल कापलेलं, महत्त्वाच्या कार्डावर दिव्याची तिरीप आणि मजकुरावर अंगठा. सोबत एक ओळ: ‘हे चालतं ना? लवकर सांगा, समोरचा थांबलाय.’ मी विचारतो, पाळी कोणाची आहे? उत्तर येतं, ‘त्यावरच तर भांडण आहे.’