नाव नदीचं, घेतलं प्राध्यापकांनी

फेब्रुवारीत विज्ञान दिन जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा सारांश असा : स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एका साध्या ओढ्याला थोर शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांचं नाव दिलं, त्यांच्यामुळेच त्या ओढ्याला ओळख मिळाली, निरपेक्ष शून्य तापमानाची, म्हणजे ज्याखाली थंडी जाऊच शकत नाही त्या तळाची, कल्पनाही त्यांचीच, आणि आपल्याकडे मात्र चौकाचौकांना पुढाऱ्यांची नावं! शेवटच्या तक्रारीवर माझं काही म्हणणं नाही. बाकीचं मात्र उलटंसुलटं आहे.

आधी नावाचं बघू. केल्विन हे त्या माणसाचं आडनाव नव्हतंच. तो विल्यम थॉमसन, जन्म १८२४, बेलफास्ट. १८४६ ते १८९९ अशी त्रेपन्न वर्षं ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक. १८७० मध्ये विद्यापीठ गिलमोरहिल टेकडीवर हललं. टेकडीच्या पायथ्याशी केल्विन नदी वाहते. १८९२ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा किताबासाठी थॉमसनांनी या शेजारणीचंच नाव उचललं. आपल्याकडे गावावरून सातारकर, पंढरपूरकर होतात तसंच, फक्त गावाऐवजी नदी. म्हणजे बारसं झालं ते प्राध्यापकांचं, तेही पासष्टी उलटल्यावर.

शंका असेल तर ग्लासगोतल्या मेरीहिलला जावं. तिथे फोर्थ अँड क्लाइड कालवा केल्विन नदीवरून पलीकडे जातो. खाली नदी, तिच्यावर चार दगडी कमानी, आणि कमानींच्या माथ्यावर सुमारे ७० फूट उंचीवरून होड्या चाललेल्या. हा केल्विन जलसेतू १७९० मध्ये खुला झाला, थॉमसन जन्मायच्या चौतीस वर्षं आधी. केल्विनग्रोव्ह नावाचा वाडाही अठराव्या शतकातलाच. पुढे त्याच परिसरात केल्विनग्रोव्ह पार्क झालं. त्या पार्कात लॉर्डसाहेबांचा पुतळा आहे. बहुधा तो बघूनच घोटाळा होत असावा.

आता ‘ओढा’. नदी लहान आहे, कबूल. किलसिथच्या पूर्वेला उगम, आणि जेमतेम ३५ किलोमीटर वाहून क्लाइड नदीला मिळते. पण ओळख? इ. स. १४२च्या सुमारास रोमनांनी साम्राज्याच्या उत्तर सीमेवर अँटोनाइन भिंत घालायला घेतली, ती बराच पल्ला याच नदीच्या खोऱ्याच्या कडेने जाते. पार्टिकला नदीच्या पाण्यावर पिठाच्या गिरण्या फिरत. १५६८च्या लँगसाइडच्या लढाईत सैन्याला पाव पुरवले म्हणून ग्लासगोच्या बेकरीवाल्यांना तिथे गिरणीचा हक्क मिळाला, असं सांगतात.

मला मात्र नॉर्थ वुडसाइडची गिरणी जास्त आवडते. आधी ती धान्य दळायची, मग चक्क चकमकीचा दगड दळू लागली. दगड भट्टीत भाजायचा, म्हणजे तो पांढरा आणि ठिसूळ होतो. मग पाणी घालून जात्यात वाटायचा. ते पांढरं वाटण चिनीमातीची भांडी करणाऱ्या कारखान्यांत जायचं. गिरणीचे अवशेष आजही काठावर आहेत. कारखान्यांनी पुढे नदीचं गटार करून टाकलं होतं. आता पाणी निवळलंय आणि सामन मासे परतलेत. यातल्या एकाही गोष्टीशी लॉर्ड केल्विन यांचा संबंध नाही.

तिसरा मुद्दा, निरपेक्ष शून्याचा, थोडक्यात. थंडीला तळ असला पाहिजे, हा विचार आमोंतों या फ्रेंच माणसाने १७०० नंतर लगेचच मांडला होता. थॉमसनांनी १८४८ मध्ये केलं ते वेगळं आणि जास्त अवघड : पारा, हवा अशा कुठल्याही पदार्थावर अवलंबून नसलेली तापमानाची मोजपट्टी सुचवली. तापमानाच्या एककाला त्यांचं नाव नंतर लागलं, आणि १९६७ पासून त्यामागे ‘डिग्री’ लावत नाहीत. मेसेजमध्ये ‘डिग्री केल्विन’ आहे, तेही जाता जाता सुधारून घ्या.

नाव नदीकडून लॉर्डकडे आलं, आणि तिथेही थांबलं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका फ्रिज कंपनीने लॉर्डवरून आपलं नाव ठेवलं. आपल्याकडच्या कित्येक स्वयंपाकघरांत घुमणारा तो केल्विनेटर.