मिक्सर जळला नाहीये, जरा थांबा

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नवीन मिक्सर मध्येच बंद पडला की मोटर जळाली समजा. फ्रिजचा गॅस दर दोन वर्षांनी भरावाच लागतो. इंडक्शनने भांडं ओळखलं नाही तर बोर्ड गेला. जुनी यंत्रंच दणकट.’ चौथ्यांदा आला तेव्हा राहवलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी रामबागेत मावशीकडे पुरण वाटताना मिक्सर गप्प झाला. भांडं काठोकाठ भरलेलं, पुरण गार होऊन घट्ट. मावशी म्हणाली, ‘‘गेला. महाराणी रोडला दुरुस्तीला टाकून ये.’’ मी प्लग काढून मिक्सर ओट्यावर उलटा केला. तळाशी वाटाण्याएवढं लाल बटण बाहेर आलेलं. ओव्हरलोडचं बटण ते. मोटरने जास्त करंट खेचला की जळण्याआधीच ते वीज तोडतं. दहा मिनिटं गार होऊ दिला, बटण आत दाबलं, अर्धं पुरण काढून दोन चमचे कट घातला. फिरला! मोटर खरंच जळते तेव्हा असा उग्र वास सुटतो की लपत नाही. मोटर फिरतेय पण पातं नाही, तर बहुधा कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, झिजलाय. तो स्वस्तात बदलून मिळतो.

फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. माझ्याकडून एका कारागिराने नुसता गॅस भरून दोनदा पैसे घेतले. दुसऱ्याने गळका सांधा शोधून जोडला, त्याला आता पाच उन्हाळे झाले.

इंडक्शनचं तर सोपं आहे. फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. चिकटला नाही तर दोष भांड्याचा. साधं ॲल्युमिनियम, तांबं चालत नाही.

जुनी यंत्रं दणकट? आजीचा मिक्सर अजून चालतो हे सगळे सांगतात. जे बंद पडले ते भंगारवाल्याकडे गेले, त्यांचं कोण सांगणार? पण एक तक्रार मलाही मान्य आहे. नव्या यंत्रांत एखादा बारका पार्ट गेला तरी अख्खा बोर्ड बदलायला लावतात. आणि इंडक्शनच्या पंख्याच्या जाळीतून झुरळं शिरतात, तो बोर्ड मग त्यांच्या पायीच जातो.

मायक्रोवेव्ह मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचा, झटका जिवावर बेतू शकतो. मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं.