पर्याय क्रमांक 6 : सावळी

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी दीड तास उभं राहून लोकांच्या बांगडे भरलेल्या पिशव्या सांभाळल्या. हाताला अजून वास येतो. नेमलं होतं मात्र एका कंपनीचं मार्केटिंग चालतंय की नाही ते तपासायला.

कंपनी काजू आणि कोकम सरबत विकते. पर्वरीला हमरस्त्यावर तिचं भलंमोठं होर्डिंग आहे, त्यावर खुद्द मालक, हातात काजूचं पाकीट. जाहिरात एजन्सीच्या अहवालात रीच, म्हणजे जाहिरात पोचलेली माणसं, लाखांत, लाइक हजारांत आणि डिसेंबरची विक्री ऑक्टोबरच्या दुप्पट. अहो, गोव्यात डिसेंबरात काजू खपवायला होर्डिंग कशाला? नाताळ ते थर्टी फर्स्ट शटर अर्धं पाडून ठेवलं तरी पर्यटक वाकून आत शिरतात. डिसेंबर ताडायचा तो मागच्या डिसेंबरशी. मी ताडला. वाढ होती, पण फोंड्याच्या दुकानात, जिथे जाहिरातीवर छदाम खर्चला नव्हता, तिथेही जवळपास तेवढीच होती. जाहिरातीच्या पदरात पडतो तो फक्त या दोन वाढींतला फरक, आणि तो चिमटीत मावत होता.

गिऱ्हाईक कुठली जाहिरात बघून आलं ते कळावं म्हणून सवलतीचे कूपन कोड होते, होर्डिंगचा वेगळा, इन्स्टाग्रामचा वेगळा. पण काउंटरवरचा पोरगा दयाळू. विचारेल त्याला सूट देतो आणि प्रत्येक बिलावर होर्डिंगचाच कोड मारतो, कारण तेवढाच त्याला पाठ आहे. एजन्सीने त्या आकड्याचा केवढा रंगीत आलेख काढला होता!

शिवाय एक साधा भागाकार कुणीच करत नाही. समजा जाहिरातीवर 60,000 गेले आणि त्यातून 150 नवी गिऱ्हाइकं आली, म्हणजे माणशी 400. एका खरेदीत नफा 90 रुपये. मग तोच माणूस पाचव्यांदा येईपर्यंत तुम्ही खड्ड्यात. पर्यटक पाचव्यांदा कधी येणार?

शेवटी फॉर्म घेऊन म्हापशाच्या दुकानापुढे उभा राहिलो. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ खाली पाच पर्याय, दर फॉर्मावर त्यांचा क्रम बदललेला, कारण लोक डोळे मिटून पहिल्यावर टिक करतात. पहिल्याच एक मावशी आल्या.

“पुता, हें धर मरे,” म्हणत त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि स्टुलावर बसल्या.

“मावशी, पर्वरीचं होर्डिंग बघितलंत?”

“खंयचें?”

“मोठं. त्यावर आमचे साहेब आहेत.”

“तो? तो इलेक्शनाक रावला न्हय?”

“नाही हो, ते काजू विकतात.”

“इलेक्शनाक रावपी सगळेच कितें तरी विकतात मरे.”

मी पेन सरसावलं. मग इथे कशा आलात?

“हांगा सावळी आसा. बस येसर बसतां.”

“आणि काजू?”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “फुकट कशी बसूं? दर शुक्रारा शंबर ग्राम व्हरतां.”

दर शुक्रवारी! एजन्सी ज्याला निष्ठावान ग्राहक म्हणते आणि स्लाइडवर ज्याच्या जागी सूट घातलेला फिरंगी दाखवते, तो हा. खर्च शून्य. मी फॉर्मावर हाताने सहावा पर्याय लिहिला : सावळी, म्हणजे आपली सावली. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त टिका त्याच्यावर पडल्या, आणि पिशव्या माझ्यावर, कारण पिशवी धरणारा माणूस ठेवलाय ही बातमी कुठल्याही होर्डिंगशिवाय बसस्टॉपभर पसरली होती.

सोमवारी अहवाल दिला : होर्डिंगचं भाडं थांबवा, दुकानापुढची ताडपत्री दोन हात पुढे ओढा, आणखी चार स्टुलं ठेवा. मालकांनी चष्मा लावून तो वाचला, निदान पानं तरी उलटली.

“त्या ताडपत्रीनं आपला बोर्ड झाकतो काय?”

झाकतो, म्हटलं. अर्धाअधिक.

उद्या माणूस येऊन ताडपत्री उतरवणार आहे. बोर्डावरही त्यांचाच फोटो आहे. माझ्या बिलाचं विचारलं, तर म्हणाले, आधी एजन्सीचं भागवू द्या.